शब्दावर सुटलेली माणसे



धुळ्याहून निघालेली एस.टी. साक्री, दहिवेल मागे टाकते, कोंडाईबारीचा घाट उतरते आणि विसरवाडीच्या थांब्यावर येऊन उभी राहते. दहा-पंधरा माणसे उतरतात. कोणाच्या हातात बाजाराची पिशवी, कोणाच्या कडेवर मूल. अशाच एखाद्या दिवशी त्यांच्यात एक माणूस असतो. त्याच्याजवळ सामान फारसे नाही. खिशात घडी घातलेला एक कागद मात्र आहे, आणि तो असल्याची खात्री त्याने वाटेत चार वेळा तरी करून घेतली आहे. नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहातून काही दिवसांच्या रजेवर तो घरी निघाला आहे. थांब्यावरची माणसे त्याला ओळखतात. पण कोणी हाक मारीत नाही आणि तोही मान वर करीत नाही. आज मला बोलायचे आहे ते या माणसाविषयी. त्याहूनही अधिक, त्याला घ्यायला थांब्यावर कोणी यावे, याविषयी.

कैद्याला कसली आली आहे रजा, असे आपल्यापैकी कित्येकांना वाटेल. पण तशी रजा असते. आपल्या राज्यात या रजांचे नियम १९५९ साली झाले आणि पुढे त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या. सरकारी मराठीत रजेची दोन नावे आहेत. एक ‘संचित रजा’, म्हणजे फर्लो. ठराविक शिक्षा भोगून झाली आणि वागणूक चांगली असली, तर घरच्या माणसांशी नाते तुटू नये म्हणून ती देतात आणि तिचे दिवस शिक्षेत धरले जातात. दुसरी ‘अभिवचन रजा’, म्हणजे पॅरोल. घरात कोणाचा मृत्यू, जिवावरचे दुखणे, लग्नकार्य, अशा कारणाने ती मिळते. मात्र तिचे दिवस शिक्षेत धरत नाहीत. रजा हा कोणाचा अबाधित हक्क नव्हे. पोलिसांचा अहवाल मागवतात, जामीनदार लागतो, बंधपत्र लिहून द्यावे लागते आणि गावी असेपर्यंत ठाण्यात हजेरी लावावी लागते.

पॅरोल हा शब्द मूळचा फ्रेंच. त्याचा अर्थ ‘शब्द’. आपण म्हणतो ना, अमका शब्दाचा पक्का आहे, तोच हा शब्द. ज्या कोणी मराठीत ‘अभिवचन’ हे नाव योजले त्याने मूळ अर्थ बरोबर पकडला. आता बघा, शब्द देणारा जसा असावा लागतो तसा घेणाराही असावा लागतो. कारागृह कागदावर सही घेते. पोलीस ठाणे हजेरी घेते. ही दोन्ही कामे आवश्यकच आहेत. परंतु हजेरी लावून तो माणूस घरी गेला की दुसऱ्या हजेरीपर्यंत त्याच्याशी बोलणार कोण? बायको सात वर्षे एकटीने संसार ओढते आहे, मुलगा त्याला ओळखत नाही, भावाने त्याच्या वाट्याची जमीन कसायला घेतली आहे, आणि ज्याच्याशी मारामारी झाली त्याचे घर चार शेतांपलीकडे आहे. यातले काहीच हजेरीच्या वहीत येत नाही.

ही मधली जागा भरणारे एक काम जगात फार पूर्वी सुरू झाले, आणि ते सुरू केले एका चांभारकाम करणाऱ्या माणसाने. अमेरिकेत बोस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा एक बूट शिवणारा होता. १८४१ साली एके सकाळी तो न्यायालयात बसला असता एका दारुड्याला समोर आणले. हा मला पुन्हा दारूला शिवणार नाही असे सांगतो आहे, मी याला जामीन राहतो, असे ऑगस्टस म्हणाला. न्यायाधीशांनी तीन आठवड्यांची मुदत दिली. मुदतीनंतर तो माणूस इतका पालटून आला की त्याला दंड झाला तो फक्त एका सेंटचा. वर खटल्याचा खर्च. त्यानंतर १८५९ मध्ये मरण येईपर्यंत ऑगस्टसने एकोणीसशेहून अधिक माणसांची हमी घेतली. यासाठी त्याला पगार नव्हता. त्याचे दुकान मात्र मागे पडले.

ऑगस्टसने जे हौसेने केले ते पुढे सरकारी नोकरीचे पद झाले. आपल्या जुन्या मुंबई प्रांतात त्यासाठी १९३८ साली कायदा झाला आणि सबंध देशासाठी १९५८ साली. त्याला अपराधी परिवीक्षा अधिनियम म्हणतात आणि हे काम पाहणाऱ्याला परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर. शिक्षकमंडळींना प्रोबेशन म्हटले की स्वतःच्या नोकरीची पहिली वर्षे आठवतील. कल्पना तीच आहे, हसू नका! माणसाला पारखायचे, पण पारखताना त्याला उभेही करायचे.

या कायद्याचा आणि रजेचा संबंध नीट ध्यानात घ्यावा, कारण इथे घोटाळा होतो. परदेशांत काही ठिकाणी पॅरोल म्हणजे शिक्षेचा उरलेला भाग तुरुंगाबाहेर, अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली काढणे, आणि तो अधिकारी खास त्याच कामाचा. आपल्याकडे पॅरोल म्हणजे परत जायचे ठरवून मिळालेली रजा, आणि तिच्यावर लक्ष मुख्यतः पोलीस ठाण्याचे. परिविक्षा अधिकाऱ्याचे काम दुसऱ्या टोकाला सुरू होते. मृत्युदंड किंवा जन्मठेप नसलेल्या गुन्ह्यात न्यायालय माणसाला तुरुंगात न धाडता चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते. हे बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचे. सोबत देखरेखीचा हुकूम झाला तर देखरेख निदान एक वर्षाची. अपराधी एकवीस वर्षांच्या आतला असला, तर जन्मठेपेपर्यंत न जाणाऱ्या गुन्ह्यात त्याला तुरुंगात पाठविण्यापूर्वी न्यायालयाने या अधिकाऱ्याचा अहवाल मागवून विचारात घ्यावा, असे कायदाच सांगतो. आणखी एक कलम गावोगाव सांगण्यासारखे आहे. अशा तऱ्हेने सोडलेल्या माणसाला, दोषी ठरला म्हणून एरवी जी अपात्रता चिकटते, ती चिकटत नाही. एकोणीस वर्षांच्या पोराने एकदा मोटारीचा पंप चोरला, तर त्याची सारी उमर त्या पंपाखाली दबून जाऊ नये, एवढाच याचा अर्थ.

हा अहवाल कसा तयार होतो ते सांगतो, कारण या धंद्याचे मर्म तिथे आहे. अधिकारी कचेरीत बसून तो लिहू शकत नाही. त्याला घरी जावे लागते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगावचा अक्राणी असे त्याचे सहा तालुके. एका टोकाला आपला हा हमरस्ता, तर दुसऱ्या टोकाला सातपुड्याच्या पोटातले आणि नर्मदेकाठचे पाडे. धरून चला, विसरवाडीच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावर अधिकारी गेला. घराला कुलूप. तो लिहितो, ‘कुटुंब आढळले नाही.’ तीन शब्दांत एका माणसाचे भवितव्य मिटले! कारण अहवाल वाचणाऱ्याला वाटणार की या माणसाला घर नाही, पाठीशी कोणी नाही. पण इथला शाळामास्तर सांगेल, साहेब, दिवाळीनंतर ही माणसे बारडोलीकडे ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायची. म्हातारी शेजारच्या पाड्यावर लेकीकडे आहे, तिला विचारा. रजेच्या चौकशीतही हीच अडचण येते. जामीन राहणारा भाऊ उसाच्या फडात, आणि अर्ज अडून राहिलेला.

म्हातारी भेटली तरी पुढे भाषेचा प्रश्न आहेच. तिची बोली मावची असेल, गावित असेल, कोकणी असेल किंवा भिली असेल. कागदावरचे मराठी तिला परके, आणि पॅन्ट घालून वही घेऊन आलेला प्रत्येक माणूस तिच्या लेखी ठाण्याचाच. ‘मुलगा घरी आला तर ठेवून घ्याल का?’ या प्रश्नाला ती गप्प राहते. तिचे गप्प राहणे हा नकार आहे, भीती आहे, की घरात दाणे नाहीत याची लाज आहे, हे कळण्यासाठी तिच्या बोलीतला माणूस हवा, आणि त्याने ओसरीवर घटकाभर बसायला हवे. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की या कामाला आपल्या नवापूर तालुक्यातली शिकलेली मुले-मुली शहरातल्या हुशार उमेदवारापेक्षा सरस ठरतील. अट एकच. ती नात्यागोत्याच्या आणि गावकीच्या दडपणाखाली अहवाल लिहिणारी नसावीत. ही अट वाटते तितकी सोपी नाही. आपल्याच भाऊबंदाविषयी ‘हा अजून दारू सोडीत नाही’ असे लिहिण्याची वेळ येते, आणि ते लिहावेच लागते. समोरच्या घराचाही विचार करावा लागतो. ज्याचे नुकसान झाले, ज्याच्या घरचा माणूस गेला, त्याचा राग खोटा नसतो. न्यायालयाने भरपाई ठरवून दिली असेल तर ती फेडण्यास सोडलेल्या माणसाला सल्ला आणि साह्य देणे, हेही कायद्याने याच अधिकाऱ्याकडे सोपवले आहे.

एवढा विश्वास टाकून कधी काही साधले आहे काय, असे विचाराल तर लांब जायला नको. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मुक्त वसाहत वसवली. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनियर या कामात त्यांच्या पाठीशी होते. भिंत नाही, बेडी नाही. कैद्यांनी बायकामुलांसह राहावे आणि शेती करावी. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, ग. दि. माडगूळकरांच्या त्या कथेचे मूळ या वसाहतीतच आहे. चित्रपटातला जेलर सर्वांच्या ध्यानात राहतो. मला मात्र त्या वसाहतीतली कुटुंबे अधिक महत्त्वाची वाटतात. माणूस पळून का जात नाही, तर चूल इथेच पेटलेली असते म्हणून.

आता ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. आपल्या राज्यात परिविक्षा अधिकाऱ्याची पदे महिला व बालविकास विभागाकडे आहेत; भरती निघाली की जाहिरात येते, ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. समाजकार्याचे शिक्षण घेतलेले असेल तर पुढे काम कळायला फार उपयोग होतो. १९३६ साली मुंबईत निघालेल्या आणि आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत गुन्हेशास्त्राचा अभ्यास होत आला आहे. तिच्याच ‘प्रयास’ या उपक्रमातून १९९० पासून समाजकार्यकर्ते ठाण्यांत, कारागृहांत आणि सुटलेल्या माणसांबरोबर काम करीत आले आहेत. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ सालची. पगारात फार मोठे होता येईल असे हे क्षेत्र नव्हे, आणि पायपीट आहे. फसवणूकही होते, ज्याच्यासाठी शब्द टाकला तोच एखाद्या रात्री नाहीसा होतो, आणि सकाळी दुसऱ्याच्या दारात उभे राहताना पाय जड होतात. हे आधीच सांगितलेले बरे.

पदवीपर्यंत थांबायचे नसेल, तर दुसरा एक दरवाजा जवळच आहे. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला, तसेच अनुसूचित जातीजमातींच्या लोकांना आणि स्त्रियांना, मोफत वकील मिळतो. या कामात मदतीला विधी स्वयंसेवक घेतात. गावात राहून, थोडे प्रशिक्षण घेऊन हे काम करता येते. रजेचा अर्ज कोठे अडला, जामीनदाराला कोणता कागद लागतो, एवढे जरी त्या मुलाने विचारून दिले, तरी एखाद्या घरी बाप मुलीच्या लग्नाला वेळेवर पोहोचतो. अर्ज महिना उशिरा मंजूर झाला, तर लग्न थांबत नसते.

शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती आहे. ज्याचा बाप तुरुंगात आहे असे मूल तुमच्या वर्गात असू शकेल. इतर मुले त्याला काय म्हणून हाक मारतात याकडे कान असू द्या. कारागृहातून येणारे पत्र बहुधा तुमच्याच हाती वाचायला येते, आणि उत्तरही तुम्हीच लिहून देता. ते लिहिताना ‘सर्व खुशाल’ या दोन शब्दांवर भागवू नका. कोणत्या शेतात काय पेरले, म्हैस व्याली की नाही, थोरली किती यत्तेत गेली, भाऊ उसावरून केव्हा परतणार, हे सारे लिहा. रजा मंजूर झाली तर कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीने निघणार हेही त्याला उलट टपाली विचारून घ्या. म्हणजे विसरवाडीच्या थांब्यावर घरचे कोणीतरी येऊन उभे राहील.