शेताला किलोमीटरचे दगड

(गणेशोत्सवात केलेले भाषण)



मी डिप्लोमा झालेला रेल्वे इंजिनिअर, माझे काम रुळाखालच्या खडीचे. तरी आज नांगरटीवर बोलणार आहे. इथे पंजाबात आपल्या रुळालगत भात-गव्हाचीच शेते आहेत आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांची गावाकडेही थोडीफार जमीन आहे. डिझेलचा वाढता खर्च फोनवर आपल्याच कानी येतो.

रुळावर आपण काय करतो? ट्रॅक रेकॉर्डिंग कार धावते, रूळ कुठे किती बसला ते आलेखावर उमटते आणि टॅम्पिंग मशीन नेमके तिथे खडी ठोकते. प्रत्येक जागेला किलोमीटरच्या दगडाचा पत्ता असतो, म्हणून हे जमते. शेतात असा दगड नाही. त्यामुळे सगळीकडे एकाच खोलीची नांगरट होते.

जमीन मात्र एकसारखी नसते. दरवर्षीच्या चिखलणीने आणि ट्रॅक्टरच्या वजनाने वीतभर खोलीवर कडक थर बनतो, कुठे वर, कुठे खाली. भाताला तो पाणी धरून ठेवतो, पण गव्हाच्या मुळांना अडवतो. तो फोडायला सबसॉयलर थराच्या जरा खालून जावा लागतो. उगाच खोल घातला तर डिझेल वाया, उथळ घातला तर थर तसाच. त्यातून ट्रॅक्टरचा ड्राफ्ट कंट्रोल ओढ वाढली की अवजार वर उचलतो. म्हणजे जिथे जमीन कडक, तिथेच नांगर उथळ!

इथे उपग्रह कामाला येतो. आधी पेनेट्रोमीटरचा टोकदार दांडा ठिकठिकाणी दाबून जमिनीचा विरोध मोजायचा. साधारण २ मेगापास्कलच्या वर बहुतेक पिकांची मुळे अडखळतात. प्रत्येक मापाबरोबर जीपीएसने जागा नोंदवून नकाशा करायचा. मग ट्रॅक्टर चालताना किमान ४ उपग्रहांवरून जागा कळते आणि नकाशातल्या खोलीप्रमाणे हायड्रॉलिक अवजार खाली-वर करते. साध्या जीपीएसची चूक काही मीटरची असते. बेस स्टेशनकडून दुरुस्ती मिळाली, तर ती काही सेंटिमीटरवर येते.

पण उपग्रह जागा सांगतो, जमीन सांगत नाही. ती आपणच मोजायची. ओलही पाहायची, कारण ओल्या जमिनीत थर फुटत नाही, नुसता चिरला जातो.

२०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर होती. एवढ्या जमिनीला महागडी यंत्रणा एकट्याने परवडणार नाही. पण पेनेट्रोमीटर चार घरांत मिळून घेता येतो, शेतात खुणेच्या काठ्या रोवता येतात आणि सबसॉयलर भाड्याने आणून हवा तिथेच चालवता येतो.

तेव्हा गावाहून ‘जास्त हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घेऊ, पैसे पाठव’ असा फोन आला, तर आधी एवढेच विचारा : थर कुठे आहे, किती खोल आहे, मोजला का?

गणपती बाप्पा मोरया!