वेताळाचे डोळे

आज एका पडलेल्या सिनेमाबद्दल बोलणार आहे. सिनेमा आहे ‘द फँटम’. ७ जून १९९६ रोजी तो अमेरिकेत लागला. खर्च साडेचार कोटी डॉलरच्या आसपास झाला होता आणि तिथल्या तिकीटबारीवर जेमतेम पावणेदोन कोटी गोळा झाले. त्याच शुक्रवारी ‘द रॉक’ लागला होता, त्यामुळे याच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. पुढचे भाग काढायचं घाटत होतं, तेही राहून गेलं. अमेरिकेतल्या एका सिनेमाचं नुकसान झालं तर आपण इथे कशाला हळहळायचं, असं कुणी विचारील. पण हा फँटम म्हणजे आपला वेताळ. इंद्रजाल कॉमिक्समधला.

इंद्रजालचा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये मुंबईहून निघाला, टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनातर्फे. पुढे अमर चित्रकथा सुरू करणारे अनंत पै तेव्हा तिथे होते. १९९० साली इंद्रजाल बंद झालं तोवर आठशेच्या वर अंक निघाले होते. ते सगळे काही आम्ही वाचले नाहीत. कोल्हापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक रद्दीचं दुकान होतं, तिथे दिवसाला दहा पैसे भाड्याने अंक मिळत. दादा तेव्हा चौदा वर्षांचा, मी दहाचा. दादा आणायचा आणि रात्री मला वाचून दाखवायचा. मला वाचता येत होतं, पण दादाच्या आवाजात वेताळ निराळा वाटायचा. पुढे त्याने साठवलेल्या पैशांतून जुने अंक विकत घेतले, आठ-आठ अंक दोऱ्याने शिवून त्यांना पुठ्ठ्याची बांधणी केली आणि ते एका पत्र्याच्या पेटीत ठेवले. ती पेटी पुढे उंदरांनी खाल्ली, असं आमच्या घरात सांगितलं जातं. त्या पेटीकडे मी नंतर येतो.

वेताळाची मूळ कथा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेसाठी तो निर्माण केला. म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी. चारशे वर्षांपूर्वी चाचे एक जहाज लुटतात, त्यातून एकटा वाचलेला तरुण किनाऱ्याला लागतो. तिथले बुटके बांदार लोक त्याला जगवतात. बापाच्या खुन्याची कवटी हातात घेऊन तो शपथ घेतो, की मी आणि माझे वंशज अन्यायाशी लढत राहू. बाप मेला की मुलगा तोच वेष चढवतो. जंगलातल्या माणसांना वाटतं, हा तोच आहे, हा मरत नाही. आपण ज्याच्या गोष्टी वाचल्या तो एकविसावा. त्याच्याकडे उडायची शक्ती नाही, कसला किरण नाही, जादू नाही. आहे ती फक्त त्याच्याबद्दलची वदंता. लोकांचा विश्वास हीच त्याची ताकद.

आता माझं आजोळ शिरोड्याचं. शेजारीच आरवली, तिथे वेतोबाचं देऊळ आहे. लोक वेतोबाला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या चपला वाहतात. साध्या चपला नव्हेत, हातभर लांबीच्या. का, तर देव रात्री गावाची राखण करायला फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. आजी सांगायची, देवळात जाऊन चपला उलट्या करून बघ, तळ झिजलेले दिसतील. मी बघितले होते. झिजलेले होते की नाही, हे आता सांगता येणार नाही, पण मला ते झिजलेले दिसले, एवढं खरं.

इंग्रजीत फँटमला ‘चालणारं भूत’ अशा अर्थाचं एक बिरुद आहे. त्या फँटमचं नाव ज्या कुणी ‘वेताळ’ ठेवलं, त्या माणसाला मी मनातल्या मनात अनेकदा नमस्कार केला आहे. रात्री हद्दीवरून फिरणारा, कुणी डोळ्यांनी न पाहिलेला, ज्याच्या असण्याचा पुरावा म्हणजे झिजलेला तळ! अमेरिकेत बसून ली फॉक यांनी जे रचलं ते आमच्या आजीला आधीच ठाऊक होतं. आम्हाला वेताळ परका वाटला नाही याचं निम्मं श्रेय मी त्या नावाला देतो.

मार्च १९९९ मध्ये ली फॉक गेले. पेपरात बातमी वाचली आणि मनात आलं, तो सिनेमा आता बघायलाच हवा. पुण्यात सीडी भाड्याने मिळाल्या. दादाला मुद्दाम बोलावलं. घराच्या वाटणीवरून दीड-दोन वर्षं आमच्यात नीट बोलणं नव्हतं. वेताळाचं निमित्त बरं होतं, नाही म्हणणं त्यालाही जड गेलं असतं. माझा अकरा वर्षांचा मुलगा मध्ये आणि आम्ही दोघं दोन बाजूंना, असे बसलो.

सुरुवात झकास आहे, हे कबूल करतो. दोरांच्या झुलत्या पुलावर मालमोटार अडकली आहे, आत एक लहान मुलगा बांधलेला आहे, पूल तुटतोय आणि पांढऱ्या घोड्यावरून वेताळ येतो. दादा पुढे सरकून बसला. बिली झेन या नटाने अंगाला कापूस बांधायला नकार देऊन महिनोन्‌महिने व्यायाम केला होता, आणि ते दिसतं. दिग्दर्शक सायमन विन्सर यांनी थायलंडमधलं हिरवंगार जंगल घेतलंय. घोडा आहे, लांडगा आहे, कवटीची गुहा आहे. बाईवैमानिकांची टोळीसुद्धा आहे, आणि तिची म्होरकी साला म्हणजे कॅथरीन झेटा-जोन्स! ली फॉक यांनी १९३६ आणि ३७ मध्ये लिहिलेल्या अगदी पहिल्या दोन गोष्टींतून हे सगळं उचललंय. म्हणजे पटकथाकार जेफ्री बोम यांनी अभ्यास केलेला होता. कुणी असं म्हणू शकणार नाही, की यांना वेताळ माहीत नव्हता.

मग बिघडलं कुठे?

मला विचाराल तर डोळ्यांत. चित्रात वेताळाच्या मुखवट्याला डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग असतो. बुबुळ नाही. ही कल्पना ग्रीक पुतळ्यांवरून सुचली, असं ली फॉक सांगत. त्या पांढऱ्या डोळ्यांमुळे तो कुणाकडे बघतोय ते कळत नाही, म्हणून तो सगळ्यांकडेच बघतोय असं वाटतं. त्याचा चेहरा वाचकाला कधीच दाखवत नाहीत. शहरात जाताना तो ओव्हरकोट, हॅट आणि काळा चष्मा घालतो, तेव्हासुद्धा नाही. त्याचा चेहरा जो बघेल त्याला भयंकर मरण येतं, अशी जंगलातली म्हण. मी आणि दादा कित्येक रात्री या एकाच गोष्टीवर वाद घालत असू, की तो दिसत कसा असेल. दादा म्हणे, आपल्या आण्णांसारखा. आण्णा म्हणजे आमचे वडील. तेव्हा ते नुकतेच गेले होते.

सिनेमात पाहावं तर मुखवट्यातून बिली झेनचे डोळे चांगले टपोरे दिसतात. बोलके, थोडे मिस्कील. आणि थोड्याच वेळात स्वारी कोट-टोपी घालून न्यूयॉर्कला निघते, चेहरा सताड उघडा. बघणाऱ्यांपैकी कुणीही मरत नाही. माझ्या मुलाने विचारलं, ‘‘बाबा, हाच का तो?’’ मी म्हटलं, ‘‘हो, हाच.’’ दादा काही बोलला नाही.

दुसरी गोष्ट अंगठीची. वेताळाने ठोसा मारला की गुंडाच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटतो आणि तो जन्मात जात नाही. अंगठी लोखंडाची असो की आणखी कशाची, तिच्यात काही नाही, जे आहे ते ठशात आहे. गावात लोक तो ठसा बघणार आणि ओळखणार. सिनेमात काय केलंय, तर तीन प्राचीन कवट्या, एक सोन्याची, एक चांदीची, एक हिरव्या जेड दगडाची. त्या एकत्र आल्या की त्यांतून किरण निघतात. आणि वेताळाची अंगठी निघते चौथी कवटी! तिनेच शेवटी सगळं भस्म होतं. एवढी चारशे वर्षं वंशाने जपलेली शपथ, आणि कामाला आली ती विजेची बॅटरी.

हा सिनेमा आधी जो दान्ते हे दिग्दर्शक करणार होते आणि त्यांच्या मनातला सूर थट्टेचा होता. ते बाजूला झाले आणि तीच पटकथा गंभीरपणे चित्रित झाली. त्यामुळे थट्टा धड थट्टा राहिली नाही आणि भीती भीती राहिली नाही. खलनायक झालेला ट्रीट विल्यम्स एका माणसाला सूक्ष्मदर्शकात बघायला लावतो आणि आतून सुऱ्या निघून त्याच्या डोळ्यांत घुसतात. याला हसायचं की ओरडायचं, ते पोराला कळेना. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

एक मात्र सांगायला हवं. पडद्यावर गोरा नायक आणि त्याला मानणारी सावळी माणसं बघताना, लहानपणी जे खटकलं नव्हतं ते खटकलं. मूळ मालिकेत त्या चाच्यांच्या टोळीचं नाव सिंग आणि देशाचं नाव बंगाली. आपल्याकडे छापताना इंद्रजालवाल्यांनी सिंगचं सिंगा आणि देशाचं डेंकाली करून टाकलं होतं, म्हणून आम्हाला पत्ता लागला नाही. सिनेमात ते सेंग होऊन परत आले. हा दोष सिनेमाचा नाही, मुळातलाच आहे. आम्ही वेताळाच्या बाजूने होतो, आणि त्या गोष्टीत आमच्यासारखे दिसणारे लोक कुठे उभे होते हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं.

सिनेमा संपला. मुलगा म्हणाला, ‘‘यात तुम्हाला एवढं काय आवडायचं?’’ मला उत्तर सुचेना. दादा उठला, त्याने दिवा मालवला आणि म्हणाला, ‘‘बस इथे. पट्ट्याची गोष्ट सांगतो.’’

इंद्रजालचा पहिला अंक पट्ट्याचाच होता. विसाव्या वेताळाला पाठीत सुरा मारून एकजण त्याचा पट्टा पळवतो आणि मुलगा त्या खुन्याचा माग काढतो. सिनेमातही त्या पट्ट्याचा धागा आहे, पण मारामारीच्या धबडग्यात तो हरवून जातो. दादाने मात्र तो पट्टा तासभर पुरवला. बरंचसं चुकीचं सांगत होता. एका ठिकाणी तर त्याने सरळ आरवलीच्या चपला आणल्या. वेताळ येऊन गेला हे कसं कळलं, तर ओल्या मातीत उमटलेल्या चपलांवरून. मूळ गोष्टीत चपला नाहीत. मी गप्प बसलो.

मुलाने विचारलं, ‘‘काका, पण तो दिसायचा कसा?’’

अंधारातून दादा म्हणाला, ‘‘कुणी बघितलाय?’’

पोरगं त्या रात्री आमच्या खोलीत झोपायला आलं.

दादा आता कोल्हापुरातच असतो आणि सकाळी रेडिओ लावल्याशिवाय त्याचा चहा होत नाही. दादा, ऐकत असशील तर, ती पेटी उंदरांनी खाल्लेली नाही. १९८१ साली कॉलेजच्या सहलीसाठी मला पैसे हवे होते आणि तू नोकरीला मुंबईला होतास. त्याच रद्दीच्या दुकानात मी ती पेटीसकट दिली. सोळा रुपये आले.