संसदेच्या मेजामागील माणसे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मजसारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या निवृत्त शिक्षकाने संसदेविषयी बोलावे, हे काहींस धाडसाचे वाटेल. परंतु पुढाऱ्यांविषयी मी बोलणार नाही. त्यांची चरित्रे पुष्कळ झाली आहेत. संसदेत मेजामागे बसणाऱ्या आणि दाराशी उभ्या राहणाऱ्या सेवकवर्गाविषयी चार शब्द सांगावेत, एवढाच मानस आहे. त्यास एक खाजगी कारणही आहे. ते शेवटी सांगेन.

दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळाचे पहिले निर्वाचित अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल हे २४ ऑगस्ट १९२५ रोजी अवघ्या दोन मतांनी निवडून आले. सभागृहाचा सचिव आणि त्याचे कारकून हे सारे त्या वेळी सरकारी खात्याचे चाकर होते. ज्या सरकारास सभासदांनी जाब विचारावयाचा, त्याच सरकारच्या नोकरांनी सभागृहाचे दप्तर सांभाळावयाचे! परीक्षार्थ्याच्या घरीच प्रश्नपत्रिका ठेवण्यासारखा हा प्रकार होता. विठ्ठलभाई हटून बसले. सप्टेंबर १९२८ मध्ये पंडित मोतीलाल नेहरूंनी त्याविषयी मांडलेला ठराव एकमताने संमत झाला आणि १० जानेवारी १९२९ रोजी विधिमंडळाचे स्वतंत्र खाते अस्तित्वात आले. त्याच वर्षी ८ एप्रिलला भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बाँब टाकले. तेव्हाही, सभागृहाच्या आतील रखवालदार सभागृहाच्याच आज्ञेत असावेत, हा आग्रह विठ्ठलभाईंनी सोडला नाही. ‘वॉच अँड वॉर्ड’ या नावाने पुढे कैक वर्षे ओळखला गेलेला सेवकवर्ग तो हाच.

विठ्ठलभाईंचे हे धोरण पुढे नेणारे दादासाहेब मावळंकर मूळचे आपल्या रत्नागिरीकडील घराण्यातले, वास्तव्य अहमदाबादेस. १९५२ साली ते लोकसभेचे पहिले सभापती झाले. त्यांच्या हाताशी सचिव होते महेश्वरनाथ कौल. १९४७ पासून १९६४ पर्यंत कौलांनी ते पद सांभाळले. नव्या सभागृहात कोणती प्रथा पाडावी, कोणती पडू देऊ नये, हे सभापतींच्या कानाशी हळूच सांगावयाचे, आणि निर्णय सभापतींच्या नावे जाहीर व्हावयाचा, असे हे काम. कौलांनंतर श्यामलाल शकधर आले. या दोघांनी मिळून लिहिलेला संसदीय कार्यपद्धतीचा ग्रंथ आजही प्रमाण मानतात. सचिवालय स्वतंत्र असावे, ही गोष्ट तर राज्यघटनेच्या ९८ व्या अनुच्छेदातच नमूद आहे.

घटनेचे नाव निघाले, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण आठवते. त्यातील इशारे सर्वांस ठाऊक आहेत; परंतु आपणांस दिले जाणारे श्रेय वस्तुतः आपले नाही, असेही बाबासाहेबांनी त्याच भाषणात सांगितले. श्रेयाचा वाटा त्यांनी बेनेगल नरसिंह राव यांस दिला आणि त्याहून मोठा वाटा मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांस. गुंतागुंतीचा प्रस्ताव सोप्या व स्पष्ट कायदेशीर भाषेत मांडण्याची मुखर्जींची हातोटी विरळा. ते नसते तर घटनेस आणखी पुष्कळ वर्षे लागली असती, असा त्यांचा अभिप्राय. आणि तेथेच न थांबता, मुखर्जींच्या हाताखाली प्रसंगी मध्यरात्रीनंतरही राबलेल्या सेवकवर्गाचाही त्यांनी उल्लेख केला. सूचना आल्या ७,६३५ आणि प्रत्यक्ष मांडल्या गेल्या २,४७३. प्रत्येक सूचना कोणीतरी लिहून घेतली, नोंदली, क्रमाने लावली. एकट्या वर्गाच्या ५० वह्या लावताना माझी तारांबळ उडत असे!

१७ एप्रिल १९९९ रोजी २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने मंत्रिमंडळ कोसळले, तेव्हा एका मताच्या औचित्याविषयी देशभर वाद झाला. मोजणीविषयी शंका घेतल्याचे मी तरी ऐकले नाही. १३ डिसेंबर २००१ रोजी हल्लेखोरांची मोटार आवारात शिरली. जगदीशप्रसाद यादव आणि मातबरसिंग नेगी हे संसदेच्या सुरक्षासेवेतील कर्मचारी. हाती शस्त्र नाही. आत सभासद आहेत, एवढेच जाणून ते धावले आणि पडले. त्यांस मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. मेजावरची जागा स्त्रियांसही मिळाली, जरी उशिरा: राज्यसभेत १९९३ मध्ये व्ही. एस. रमादेवी महासचिव झाल्या, लोकसभेत २०१७ मध्ये स्नेहलता श्रीवास्तव.

आता ते खाजगी कारण. फार वर्षांपूर्वी वर्गात शुद्धलेखनात चुकणाऱ्या एका मुलास मी रागाने म्हणालो, “जन्मभर कारकुनी करशील!” मुले हसली. तो हसला नाही. त्याचे वडील कारकूनच होते. माझे तोंड त्या दिवशी उतरले, पण क्षमा मागण्याचे धैर्य मास्तरांस झाले नाही. यंदा आपल्या गुणगौरवाच्या यादीत लघुलेखनाची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या एका मुलीचे नाव, डॉक्टर-इंजिनियरांची नावे संपल्यावर, अगदी तळाशी छापलेले मी पाहिले. संसदेतही भाषणांचा शब्दन् शब्द लघुलेखकच आळीपाळीने उतरून घेत आले. ती मुलगी मागच्या रांगेत आईशेजारी बसली आहे. अध्यक्षमहाराज, सत्कारास आरंभ होईल तेव्हा पहिले नाव तिचे पुकारावे, अशी माझी विनंती आहे.