गुंठ्यामागे किती हात?

(कोल्हापुरातील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



उद्योगाला जागा कुठे द्यायची हा प्रश्न आपण नगररचना खात्याकडे सोपवतो. पोरांना काम कुठे मिळणार हा प्रश्न रोजगार मेळाव्याकडे जातो. दोन्हींच्या फायली कधी एका टेबलावर येत नाहीत. कोल्हापुरात मात्र शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या दोन गोष्टींचा विचार एकत्र झाला होता, म्हणून सुरुवात तिथून करतो.

मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली ती 1891 साली. ती शहराच्या पूर्वेला येऊन थांबली. 1895 मध्ये शाहू महाराजांनी स्थानकाजवळ शाहूपुरीची बाजारपेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा मिळाली. 1906 साली कोटीतीर्थाच्या बाजूला शाहू छत्रपती स्पिनिंग अँड विव्हिंग मिल उभी राहिली. त्याच काळात भोगावतीवरच्या राधानगरी धरणाची योजना आकाराला आली. नकाशा पुढ्यात घेऊन बघा. स्थानक, पेठ आणि गिरणी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. माल उतरतो कुठे, विकला जातो कुठे, कामगार राहतो कुठे आणि भोंगा वाजल्यावर किती वेळात पोचतो, याचा हिशेब त्या मांडणीत दिसतो. त्या वेळी विकास आराखड्याचा कायदा नव्हता, पण नियोजन होते.

पुढचा टप्पा राजाच्या हुकमाने झाला नाही, तो कारागिरांनी घडवला. उसाचे चरक आणि विहिरीवरची ऑइल इंजिने बिघडली की शेतकरी शहरात मेस्त्रीकडे यायचा. सुटे भाग परदेशातून यायचे आणि दुसऱ्या महायुद्धात तेही मिळेनासे झाले. म्हादबा मेस्त्री आणि त्यांच्यासारख्या माणसांनी भाग बघून बघून घडवले आणि इंजिनेही उभी केली. याच शहरात बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा घडवला होता, त्यामुळे यंत्र उघडून बघायची भीती इथल्या हातांना नव्हती. संस्थानी काळ संपत आला त्या सुमारास वाय. पी. पोवार यांच्या पुढाकाराने या विखुरलेल्या कारखानदारांना एकत्र जागा मिळाली आणि शिवाजी उद्यमनगर आकाराला आले. गिरणीपासून ते हाकेच्या अंतरावर आहे.

उद्यमनगरात काय घडत होते ते जरा थांबून सांगतो, कारण माझे सगळे म्हणणे त्यावर उभे आहे. एका कास्टिंगचा प्रवास बघा. आधी पॅटर्न बनवणारा लाकडात नमुना कोरतो. मोल्डर वाळूत साचा घालतो, कोअरवाला पोकळ जागेसाठी कोअर करतो. भट्टीतून रस ओतला जातो. थंड झालेला तुकडा फेटलिंगला जातो, म्हणजे त्याच्या कडा घासून साफ होतात. मग लेथ, मग ड्रिलिंग, मग बोअरिंग. यातली निम्मी कामे वेगवेगळ्या गाळ्यांत, वेगवेगळ्या मालकांकडे व्हायची आणि आजही होतात. कोणाकडे एकच लेथ, कोणाकडे फक्त शेपिंग मशीन. सायकलीवरून किंवा हातगाड्यावरून माल या गाळ्यातून त्या गाळ्यात जायचा. ज्याच्याकडे भांडवल थोडे आहे, त्यालाही या साखळीत एक कडी पकडता यायची. दहावी झालेला पोरगा हेल्पर म्हणून लागला, चार वर्षांत टर्नर झाला, आणखी काही वर्षांनी जुनी लेथ हप्त्यावर घेऊन स्वतःचा गाळा टाकला. कोल्हापूरच्या आजच्या कितीतरी मोठ्या कारखानदार घराण्यांची सुरुवात अशाच गाळ्यातून झाली.

कुस्तीच्या गावात हे समजावून सांगायला वेळ लागू नये. उद्यमनगर ही तालीम आहे. एमआयडीसी हे खासबागेचे मैदान. मैदान मोठे बांधले आणि पेठेतल्या तालमी मोडल्या, तर पुढच्या पिढीत मैदानावर उतरणार कोण?

हा विचार फक्त आपलाच नाही. इटलीतल्या मोदेना शहरात महापौर आल्फेओ कोरास्सोरी यांनी 1953 साली नगरपालिकेमार्फत कारागिरांची वसाहत वसवली. कारखान्यांतून कमी केलेल्या कामगारांना तिथे स्वस्तात जागा दिली. घर वर किंवा शेजारी, खाली वर्कशॉप. त्यातून तो प्रदेश यंत्रे बनवणारा म्हणून जगभर नावाजला. अर्थतज्ज्ञ तिकडे अभ्यासाला जातात. आपले उद्यमनगर त्याच्या आधीचे आहे, हे आपल्या विद्यापीठातल्या मुलांनाही सांगितले पाहिजे.

आता एमआयडीसीकडे येऊ. महाराष्ट्राचा औद्योगिक विकास कायदा 1961 चा आणि महामंडळ 1 ऑगस्ट 1962 रोजी सुरू झाले. आपल्याकडे शिरोली आणि गोकुळ शिरगाव या वसाहती झाल्या, नंतर कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत आली. या वसाहतींनी कोल्हापूरला देशाच्या वाहन उद्योगाच्या नकाशावर नेले, याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. कागलची जागा निवडतानाही शहाणपण होते. काळी, बागायती, उसाची जमीन सोडून उद्योग माळावर नेला. ज्या जिल्ह्यात ओलिताखालची जमीन म्हणजे घरटी मिळकत, तिथे हा निर्णय फार मोलाचा आहे.

पण एमआयडीसीची पद्धत भूखंडाची आहे. अर्ज करा, रक्कम भरा, शेड बांधा, मुदतीत उत्पादन सुरू करा. ज्याच्याकडे दोन लेथ आहेत आणि तिसरी घ्यायची आहे, त्याला अर्ध्या एकरचा भूखंड काय कामाचा? त्याला भाड्याचा गाळा हवा, थ्री-फेज वीज हवी आणि शेजारी हीट ट्रीटमेंटवाला हवा. मग तो शिये, नागाव, उचगाव, सांगली फाटा अशा ठिकाणी रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकतो. ना गटार, ना अग्निशमनाची सोय, ना कागद पूर्ण. दुसऱ्या बाजूला वसाहतीत काही भूखंड घेऊन वर्षानुवर्षे मोकळे ठेवलेले असतात. भाव वाढण्याची वाट बघणारा भूखंड आणि जागेविना अडलेला टर्नर एकाच तालुक्यात असावेत, याचा मला मनापासून राग येतो.

शहराच्या आत वेगळा धोका आहे. उद्यमनगरात गाळ्याच्या जागी शोरूम येते, जुन्या शेडवर फ्लॅटची योजना येते. मालकाला दोष देता येत नाही, भाव तसेच आहेत. 2020 च्या डिसेंबरमध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत औद्योगिक जागेवर निवासी आणि व्यापारी वापराला अटींसह वाट आहे. अटी पूर्ण केल्या की एकेक जागा कायदेशीरपणे निसटते. ती किती लोकांच्या कामाची होती, हे कोणत्याही अर्जात लिहावे लागत नाही.

असे झाले तर काय होते हे मुंबईने पाहिले आहे. 1982 च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती राहिली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. गिरणगावात मनोरे आणि मॉल उभे राहिले. त्या तीन वाट्यांच्या चर्चेत चौथा वाटा, म्हणजे कामाचा, कधी आलाच नाही.

आपली शाहू मिल 2003 मध्ये बंद पडली. सुमारे 27 एकरांची ती जागा शहराच्या मध्यावर आहे. तिथे शाहू महाराजांचे स्मारक व्हावे हे ठरले आहे आणि 2022 साली स्मृतिशताब्दीच्या निमित्ताने लोकांनी त्या जुन्या दगडी इमारतींत गर्दी केली, ते चांगलेच झाले. माझे म्हणणे एवढेच की ज्या राजाने इथल्या माणसांच्या हाताला काम मिळावे म्हणून ती गिरणी काढली, त्याच्या स्मारकात चालू यंत्राचा आवाज असावा. चिमणी, दगडी शेड आणि संग्रहालय राहू द्या. त्यातल्या काही शेड मात्र प्रशिक्षणाला आणि लहान कारागिरांच्या समाईक यंत्रांना द्या. महागडी सीएनसी मशीन, मोजमापाची प्रयोगशाळा, थ्रीडी पॅटर्न या गोष्टी एकट्या गाळेवाल्याला परवडत नाहीत, दहा-वीस जणांना मिळून परवडतात. उद्यमनगर शेजारीच आहे.

इथे कोणी म्हणेल, शहरात कारखाने ठेवून लोकांच्या छातीत धूर भरायचा का? नाही. भट्टी शहरात नको. फौंड्रीची जळकी वाळू, फेटलिंगची धूळ, रसाची वाहतूक हे सगळे माळावरच्या वसाहतीत, वाळू पुन्हा वापरण्याच्या समाईक सोयीसह व्हावे. पण लेथ, पॅटर्न, डायचे काम, दुरुस्ती, जोडणी, शिवणकाम, चप्पल, चांदीचे बारीक काम ही वस्तीत खपणारी कामे आहेत. आराखड्यात मात्र या सगळ्यांना ‘औद्योगिक’ असा एकच रंग लागतो. या रंगाचे दोन तरी प्रकार करा.

वीजदराची गोष्ट याच ओघात सांगितली पाहिजे. कुपोला भट्टीच्या जागी इंडक्शन भट्टी आली. हवा स्वच्छ झाली, पण एक टन लोखंड वितळवायला साधारण 550 ते 650 युनिट वीज लागू लागली. म्हणून युनिटमागे एक रुपया वाढला की फौंड्रीवाला सीमेपलीकडे बघू लागतो. निपाणी इथून किती लांब? उद्योग कर्नाटकात नेण्याची भाषा इथे यापूर्वी झाली आहे आणि पुन्हा होईल. शेडच्या छपरांवरची सौर वीज आणि वसाहतीचे स्वतःचे उपकेंद्र, हे रस्त्याइतकेच जमिनीच्या नियोजनात धरावे लागेल.

पाण्याचे तर विचारूच नका. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43 फूट. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तयार माल अडकला आणि पुण्याच्या गिऱ्हाइकाने दुसरा पुरवठादार शोधला. पूररेषेच्या आत भराव टाकून गोदामे आणि शेड उभ्या करू देणे म्हणजे पुढच्या पुरात शेजारच्याच्या दारात पाणी लोटणे आहे. त्या पट्ट्यात नवी परवानगी नको.

आता या सगळ्याचा मालक कोण? 1972 साली कोल्हापूर महानगरपालिका झाली, त्यानंतर हद्द वाढलेली नाही. हद्दवाढीला भोवतालच्या गावांनी विरोध केला, वसाहतींतल्या उद्योजकांनीही केला. करांचा बोजा वाढेल आणि सेवा मिळणार नाही, ही त्यांची भीती अनाठायी नव्हती. तडजोड म्हणून 2017 मध्ये 42 गावांचे विकास प्राधिकरण आले. म्हणजे आज शहराचा आराखडा महापालिका करते, 42 गावांचा प्राधिकरण करते, वसाहतींचा एमआयडीसी करते. कामगार मात्र सकाळी यातल्या दोन हद्दी ओलांडून कामावर जातो. तो कुठल्याच आराखड्यात पूर्ण दिसत नाही. हद्दवाढ होवो न होवो, बस, कामगारांची घरे आणि उद्योगाची जागा या तीन गोष्टींसाठी तिघांचा एक समाईक नकाशा हवा. त्याला हद्दीचे भांडण मिटण्याची वाट बघायची गरज नाही.

स्थानिकांना कामाचा मुद्दा शेवटी घेतो, कारण तो सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. शासनाचा निर्णय आहे: पर्यवेक्षकीय जागांवर निदान 50 टक्के आणि इतर जागांवर 80 टक्के स्थानिक. कागद चांगला आहे. पण 2020 च्या टाळेबंदीत परप्रांतीय मजुरांना घेऊन कोल्हापुरातून गाड्या सुटल्या, तेव्हा फौंड्रीत साचे घालणारे हात किती आपले आणि किती उत्तर प्रदेश-बिहारचे, हे दिसून आले. त्या माणसांनी आपला उद्योग जगवला, त्यांच्याबद्दल कडू बोलणे मला मान्य नाही. आपली मुले तिथे का जात नाहीत, हे विचारले पाहिजे. उष्णता, धूळ, कंत्राटी पगार, कायम होण्याची आशा नाही, आणि लग्नाच्या बाजारात ‘फौंड्रीत आहे’ म्हटल्यावर पडणारा चेहरा. पाटीवर टक्केवारी लिहून हे बदलत नाही. धूळ ओढणारी यंत्रणा, मोल्डिंगचे यांत्रिकीकरण, कळंब्याच्या आयटीआयमधून निघालेल्या मुलाला खरी अप्रेंटिसशिप आणि त्यानंतर कायम नोकरी, एवढे झाले तर तो जाईल. मुलींचे तर आपण अजून पुरते मोजलेलेच नाही. तपासणी, मोजमाप, सीएनसी ही कामे त्या उत्तम करतात. दुसरी पाळी सुटल्यावर गोकुळ शिरगावहून किंवा कागलहून शहरात येणारी भरवशाची बस नसेल, तर घरचे पाठवत नाहीत. म्हणजे केएमटीचे, महापालिकेच्या बससेवेचे, वेळापत्रक हेसुद्धा रोजगाराचे धोरण आहे.

म्हणून माझी मागणी एका रकान्याची आहे. जागेचा वापर बदलण्याच्या प्रत्येक अर्जात आणि भूखंडवाटपाच्या प्रत्येक अर्जात एक रकाना वाढवा: या जागेवर गुंठ्यामागे आज किती माणसे काम करतात, बदलानंतर किती करतील, त्यातली किती कायम, किती शिकाऊ, किती स्त्रिया. मोठे गोदाम आणि लहान वर्कशॉप यांत निवड करताना आज आपण फक्त भाव आणि कर बघतो. हा रकाना आला की निदान डोळे उघडे ठेवून निवड होईल.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चा आहे. त्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. बिल्डरकडे त्यासाठी वास्तुविशारद असतो, वकील असतो. गाळेवाल्याकडे कोणी नसते आणि बहुतेक वेळा मुदत संपल्यावर त्याला कळते. आज या सभागृहात अभियंते आहेत, प्राध्यापक आहेत, निवृत्त अधिकारीही आहेत. उद्यमनगरातल्या प्रत्येक गल्लीची यादी आत्ताच करायला घ्या: गाळा नंबर, काय काम चालते, किती माणसे, किती वर्षे. ती यादी तयार असेल, तर त्या 30 दिवसांत तीच जोडून हरकत दाखल करता येईल. ज्यांना या कामात यायचे आहे त्यांनी व्याख्यान संपल्यावर संयोजकांकडे नाव द्यावे. पहिली गल्ली येत्या रविवारी सकाळी घेऊ, त्या दिवशी गाळे बंद असतात आणि मालकांना बोलायला सवड असते.