हाक मारील त्याची आई

(मातृस्मरण कार्यक्रमातील भाषणाचा संपादित अंश)



मातृस्मरणाचा विषय निघाला की महाराष्ट्राच्या ओठांवर प्रथम जिजाऊंचे नाव येते, मग अहिल्यादेवींचे. ते उचितच आहे. आज मात्र मी अशा एका मातेविषयी बोलणार आहे, जिच्या हाती ना सत्ता होती, ना संपत्ती, ना रीतसर घेतलेले शिक्षण. होती ती केवळ एक चूल. श्रीरामकृष्णांच्या सहधर्मचारिणी श्री शारदादेवी यांच्याविषयी हे चार शब्द आहेत.

बंगालमधील बांकुडा जिल्ह्यात जयरामवाटी नावाचे खेडे आहे. २२ डिसेंबर १८५३ रोजी तेथे एका गरीब ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८६४ साली त्या भागात दुष्काळ पडला. वडील रामचंद्र मुखोपाध्याय यांनी घरातील साठवणीचे धान्य बाहेर काढले आणि हंडे भरभरून खिचडी शिजवून भुकेल्यांच्या पंगती बसविल्या. वाढलेली खिचडी कढत असे आणि भुकेल्या माणसाला धीर नसे. तेव्हा अकरा वर्षांची शारदा दोन्ही हातांनी पंखा घेऊन त्या पानांवर वारा घालीत असे. भुकेल्याला अन्न देणे हे दान झाले. ते खाताना त्याची जीभ पोळू नये, ही काळजी आईची. पुढील सारे आयुष्य त्या हेच करीत राहिल्या.

नौबतखान्यातील संसार

वयाच्या सहाव्या वर्षी, १८५९ मध्ये त्यांचा विवाह झाला. १८७२ साली त्या पायी प्रवास करून, वाटेत ताप आलेला असतानाही, दक्षिणेश्वरी पतीकडे पोहोचल्या. त्याच वर्षी श्रीरामकृष्णांनी त्यांना आसनावर बसवून देवी म्हणून त्यांची षोडशोपचारे पूजा केली. पतीने पत्नीच्या चरणी आपल्या साधनेचे फळ अर्पण करावे, असा प्रसंग इतिहासात क्वचितच आढळेल.

पण पूजा संपली आणि दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची ती पेटवावीच लागली! दक्षिणेश्वरच्या नौबतखान्यातील एका अरुंद खोलीत त्यांचे वास्तव्य असे. तेथेच धान्य, तेथेच भांडी, तेथेच मुक्कामाला आलेल्या भक्त स्त्रिया. पहाटे तीनच्या सुमारास उठून स्नान-जप आटोपायचा आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी रांधायचे.

साधकांनी रात्री कमी जेवावे, असा श्रीरामकृष्णांचा कटाक्ष होता. माताजी मात्र त्या तरुण मुलांच्या पानात दोन पोळ्या अधिकच वाढीत. याविषयी त्यांनी विचारले, तेव्हा मुलांच्या भवितव्याची काळजी आपण वाहू, एवढ्या दोन पोळ्यांसाठी चिंता नको, असे त्यांनी शांतपणे सांगितले. आणखी एकदा, समाजाने वाईट चालीची ठरविलेल्या एका स्त्रीने श्रीरामकृष्णांचे ताट घेऊन जाण्याची इच्छा व्यक्त केली आणि माताजींनी ते तिच्या हाती दिले. ते त्यांना रुचले नाही. पुन्हा असे करू नये, असे त्यांनी सुचविले. तेव्हा, कोणी ‘आई’ म्हणून मागितले तर मला नाही म्हणता येणार नाही, हे माताजींनी त्यांना स्पष्ट सांगितले. पतीची आज्ञा शिरोधार्य मानणारी ही स्त्री मातृत्वाच्या प्रश्नावर मात्र कधी एक पाऊलही मागे आली नाही.

अमजदचे पान

१८८६ मध्ये श्रीरामकृष्णांचे महानिर्वाण झाले. पुढे कामारपुकूरला त्यांनी जे दिवस काढले, त्यांचे वर्णन ऐकले तरी मन गलबलून येते. कुदळीने जमीन खणून भाजी लावायची आणि भात शिजला तरी त्यात घालायला मीठ असेलच असे नाही. एवढे दारिद्र्य भोगूनही त्यांच्या स्वभावात कडवटपणाचा लवलेश आला नाही.

जयरामवाटीच्या आसपास रेशीम पिकविणारी मुस्लिम कुटुंबे होती. परदेशी रेशमापुढे त्यांचा धंदा बसला आणि त्यातील काही जण दरोडेखोरीकडे वळले. पंचक्रोशीला त्यांची दहशत वाटे. त्यांतीलच अमजद माताजींच्या घरी कामाला आला. त्याला जेवायला बसविले, तेव्हा त्यांची पुतणी नलिनी अंगणात दुरूनच त्याच्या पानावर अन्न टाकू लागली. माताजींनी तिला थांबविले आणि स्वतः जवळ बसून पोटभर वाढले. जेवण झाल्यावर खरकटेही स्वतःच काढले. नलिनी ओरडली की तुमची जात गेली! त्यावर त्यांचे उत्तर एवढेच होते, की शरत जसा माझा मुलगा, तसाच हा अमजद. शरत म्हणजे रामकृष्ण संघाचे सचिव स्वामी शारदानंद. एका पारड्यात विद्वान संन्यासी आणि दुसऱ्यात दरोडेखोर. आईच्या तराजूचा काटा हलला नाही.

मित्रहो, हा प्रसंग सांगणे सोपे आहे, पचविणे कठीण आहे. आपण समरसतेवर व्याख्याने देतो. परंतु आपल्या घरी कामाला येणाऱ्या माणसाचा कप वेगळा ठेवलेला नाही ना, हे घरी गेल्यावर प्रत्येकाने पाहावे.

१८९८ मध्ये मार्गारेट नोबल, म्हणजेच भगिनी निवेदिता, अन्य दोन पाश्चात्त्य स्त्रियांसह त्यांच्या भेटीस आल्या. सोवळ्यात वाढलेल्या या ब्राह्मण विधवेने त्यांच्यासमवेत फराळ केला. स्वामी विवेकानंदांनाही त्याचे आश्चर्य वाटले. त्याच वर्षी निवेदितांच्या मुलींच्या शाळेचा शुभारंभही माताजींच्या हस्ते झाला.

करुणा आणि कणखरपणा

करुणा म्हणजे दुबळेपणा, असा समज असेल तर तोही दूर करावा. पहिल्या महायुद्धाच्या काळात बांकुडा परिसरात केवळ संशयावरून दोन स्त्रियांना पोलिसांनी अटक करून पायी चालविले. हे कळताच माताजी संतापाने थरथरल्या. अन्यायाची चीड त्यांना अशी होती. पण विलायती कापडाचा विषय निघाला, तेव्हा तेही लोक माझीच मुले आहेत, असे त्या म्हणाल्या. अन्यायाला क्षमा नाही आणि माणसाचा द्वेष नाही, हा तोल राष्ट्रकार्य करणाऱ्यांनी विशेषत्वाने लक्षात ठेवावा असा आहे.

घरातही त्यांना स्वस्थता नव्हती. धाकट्या भावाच्या निधनानंतर त्याच्या पत्नीचे मन भ्रमिष्ट झाले. तिचा त्रागा सोशीत त्यांनी तिच्या मुलीला, राधूला, वाढविले. ज्यांच्या चरणांशी दूरदूरचे लोक येत, त्या घरी शिव्याही ऐकत होत्या आणि त्याच हातांनी भाजीही चिरीत होत्या.

जुलै १९२० मध्ये कोलकात्यात त्यांनी देह ठेवला. अखेरच्या दिवसांत रडणाऱ्या एका भक्त स्त्रीला त्यांनी समजाविले, की मनःशांती हवी असेल तर दुसऱ्यांचे दोष पाहू नयेत, स्वतःचे पाहावेत. जगात परके कोणी नाही. पुढे १९५४ मध्ये त्यांच्या नावाने संन्यासिनींचा शारदा मठ उभा राहिला. ते त्यांचे प्रकट स्मारक आहे.

दुसरे स्मारक आपल्याला उभारायचे आहे आणि त्याला जागा, निधी, समिती काहीच लागत नाही. ते आपल्या स्वयंपाकघरात उभे राहते. तेथे समोरच्याचे नाव-गाव विचारण्याआधी त्याच्या पानाकडे पाहिले गेले, तर त्या घरात ही आई नांदते, असे निःशंक म्हणावे.