भिंतींचा रंग : फिका कीं गडद?

घराला रंग द्यावयाचा ठरला म्हणजे हिरव्या-निळ्याचा वाद फार वेळ टिकत नाहीं. तेथें आवड-नावड स्पष्ट असते. घोळ पडतो तो पांढरा, सायीच्या वर्णाचा, राखी, मातकट अशा अबोल रंगांपाशीं. दुकानांतल्या बोटभर तुकड्यांवर दोन राखी छटा सारख्याच दिसतात. भिंतीवर चढल्यावर मात्र एक खोली प्रसन्न दिसते आणि दुसरींत आभाळ भरून आल्याचा भास होतो.

ताज्या पांढऱ्या भिंतीवर पडलेल्या उजेडापैकीं सुमारें ८० टक्के उजेड खोलींत परत येतो. गडद राखी भिंत त्यांतला १०-१५ टक्केच परत करते, उरलेला गिळून टाकते. एकच खिडकी असलेल्या खोलींत भिंत ही दुसऱ्या खिडकीचें काम करते, असें म्हटल्यास चालेल. जुन्या घरांतून दिवाळीपूर्वीं चुन्याची सफेती होई, ती केवळ स्वच्छतेसाठीं नव्हे. चुन्यांत किंचित् नीळ घालीत, म्हणजे पिवळसर झांक मरे.

हा प्रश्न निव्वळ शोभेचा नाहीं. विशींतल्या डोळ्याच्या मानानें साठींतल्या डोळ्याच्या पडद्यावर सुमारें एकतृतीयांश उजेड पोंचतो. बाहुली आकसते, भिंग पिवळें पडतें. म्हणून सुनेला जी गडद खोली शांत वाटते, तींत सासूबाईंना सुईंत दोरा ओंवतां येत नाहीं. त्यांची तक्रार हा जुन्या पिढीचा हट्ट समजला जातो, हें अन्यायाचें आहे. परंतु सरसकट पांढरें करणें हाहि उपाय नव्हे. भिंत, दार, चौकट सारेंच एका रंगाचें झालें तर कडा हरवतात, आणि अधू दृष्टीचा माणूस अडखळतो. भिंत फिकी, पण चौकट आणि पायरीची कड गडद, ही जोडी उत्तम.

गडद रंगालाहि त्याची जागा आहे. पश्चिमेच्या मोठ्या खिडक्यांतून डोळे दिपविणारें ऊन येत असेल, किंवा खोली बहुधा रात्रीं दिव्याच्या उजेडांतच वापरली जात असेल, तेथें तो शोभतो. मात्र ओल येणाऱ्या भिंतीवर तो घेऊं नये. लोण्याचे पांढरे डाग त्यावर अधिकच उठून दिसतात. फिक्या भिंतीवर तेलकट हातांचे डाग पडतात, तें निराळें.

छटा निवडतांना आणखी एक फसगत होते. पॅरिसच्या गोबलँ येथील प्रसिद्ध विणकामाच्या कारखान्यांत मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख होता. तेथील काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. शोध घेतां दोष काळ्या रंगांत नसून शेजारच्या रंगांत आहे, असें त्याला आढळलें. त्यावरचा त्याचा ग्रंथ १८३९ सालीं निघाला. सागवानी दाराशेजारीं साधा राखी रंग निळसर भासतो, तो याच कारणानें. रंगाऱ्याला बोल लावण्यांत अर्थ नसतो.

यासाठीं दोन-तीन हात लांबीच्या पुठ्ठ्यावर निवडलेल्या रंगाचे दोन हात द्यावेत. तो पुठ्ठा दाराशेजारीं, मग कोपऱ्यांत उभा करून सकाळीं, दुपारीं आणि दिवे लागल्यावर पाहावा; आणि घरांत सर्वांत मंद दृष्टीचें जें माणूस असेल त्याला, तें नेहमीं बसतें त्या जागेवरून, आधीं विचारावें.