बदलीचा हुकूम न येणारं कपाट

चंदीगडच्या सेक्टर 43 मधून बोलतोय. मधेच बसचा भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या, आंतरराज्य बसस्थानक आमच्याच सेक्टरात आहे.

आजचा विषय कपड्यांचं कपाट. लोकांना वाटतं, फौजी माणसाचं कपाट शिस्तीमुळे नीट असतं. शिस्त असते, नाही म्हणत नाही. पण खरं काम बदली करते. दर दोन-तीन वर्षांनी हुकूम यायचा, काळ्या लोखंडी ट्रंका निघायच्या आणि त्यांत मावेल तेवढंच पुढच्या गावी जायचं. उरलेलं कुणाला तरी देऊन टाकायचं, त्यावर घरात चर्चा नाही. निवृत्तीनंतर हुकूम थांबले आणि कपाट फुगायला लागलं. वीस वर्षं एकाच घरात राहणाऱ्यांचंही हेच होतं.

तेव्हा हुकूम आपणच काढायचा, वर्षातून दोनदा. आम्हाला इथलं हवामान तो काढून देतं. जानेवारीत पारा तीन-चार अंशांवर येतो, जूनमध्ये चव्वेचाळीसवर चढतो. दिवाळीच्या सुमारास गरम कपडे बाहेर, होळीनंतर आत. मुंबईकरांना ही सोय नाही, त्यांनी दसरा आणि पाडवा धरावा.

त्या दिवशी सगळं कपाट पलंगावर रिकामं करायचं. एकेक कप्पा आवरण्यात अर्थ नाही, कारण आकाशी रंगाचे पाच शर्ट तीन कप्प्यांत लपलेले असतात. किट तपासणीला आम्ही सगळं सामान पलंगावर मांडायचो, तसंच. मग प्रत्येक कपड्याला एकच प्रश्न: शेवटचा कधी घातला? ‘पुढे लागेल का’ असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी ‘लागेल’ असंच येतं. जपानच्या मारी कोंडो सांगतात, वस्तू हातात घ्या आणि आनंद होतो का बघा. त्यांची पद्धत जगभर गाजली. पण थर्मल बनियन हातात घेऊन मला आजवर आनंद झालेला नाही, आणि जानेवारीत तिच्यावाचून चालत नाही.

आठवत नसेल तर हँगर उलटे अडकवा. घातलेला कपडा परत ठेवताना सुलटा. सहा महिन्यांनी जे उलटेच राहिले, त्यांचा निकाल लागला.

ठेवण्याबद्दल दोन शब्द. लोकर धुऊन, कडकडीत वाळवूनच आत जाऊ द्या. कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी जाते. स्वेटर हँगरला लावू नका, खांदे ओघळतात. पैठणी मलमलीत गुंडाळा, ड्रायक्लीनवाल्याची प्लास्टिकची पिशवी घरी येताच काढून टाका. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. आणि दर काही महिन्यांनी घडी बदला, नाहीतर रेशीम घडीवरच विरतं.

आता अवघड कप्पा. गेल्या वर्षी माझ्या एका कोर्समेटच्या पत्नीने बोलावलं. तो जाऊन आठ महिने झाले होते. मुलगा परदेशातून चार दिवसांसाठी आला होता, त्याच्या परतीच्या आधी कपाट उरकायचं होतं. वहिनी दारात उभ्या, मुलगा हातात वर्दी घेऊन. त्याला वाटलं, आईला हीच ठेवायची असणार. वहिनींनी वर्दीकडे पाहिलंही नाही. त्यांनी खालच्या कप्प्यातला एक तपकिरी स्वेटर काढला, कोपरावर त्यांनीच रफू केलेला. म्हणाल्या, ‘घरी असले की हे हाच घालायचे.’ मुलाला तो स्वेटर माहीत नव्हता. तो देऊन टाकायच्या ढिगात जाता जाता वाचला. वर्दी मुलाने नेली, तेही योग्यच झालं.

त्या दिवशी घरी येऊन मी माझ्या कपाटात चिठ्ठ्या लावल्या. हे कुणाला द्यायचं, हे का ठेवलंय, एकेक ओळ. आमच्या हिला आधी अशुभ वाटलं. मग तिने स्वतःच्या साड्यांना लावल्या, माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात.

फौजेतल्यांसाठी एक ताकीद. मी पदकं, ब्लेझर आणि एक वर्दी ठेवली आहे. बाकीच्या चित्त्याच्या छापाच्या जुन्या वर्द्या कुणालाही देऊ नका. जानेवारी 2016 मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर आलेले अतिरेकी आपल्याच लष्करासारख्या वर्दीत होते. त्यानंतर लष्कराने नागरिकांना असे कपडे वापरू नका, दुकानदारांना विकू नका, असं आवाहन केलं होतं. आधी बिल्ले उसवा, मग कात्रीने तुकडे करा. गाडी पुसायला उत्तम.

बाकीचं जायचं कुठे? आमच्या लहानपणी बोहारीण यायची, चार लुगड्यांवर एक पातेलं, आणि आई तासभर घासाघीस करायची. आईची शेवटची लुगडी मात्र साताऱ्याला बहिणीकडे गेली, तिने दोन गोधड्या शिवल्या. एक इथे माझ्या पायाशी असते. घालण्याजोगे कपडे धुऊन, बटणं लावून द्या. फाटकं देणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणं.

आणि अगदी विटलेली लोकर? इथून दिल्लीला निघालं की वाटेत पानिपत लागतं. मराठी माणसाला तिथे 1761 च आठवतं. पण आज ते जुन्या लोकरीच्या कपड्यांचं मोठं ठिकाण आहे. देशोदेशीचे टाकलेले कोट, स्वेटर तिथे येतात. बायका बसून बटणं, चेन, अस्तर काढतात, रंगानुसार ढीग लावतात. लाल ढिगातून लाल सूत निघतं, त्यामुळे बरंचसं सूत नव्याने रंगवावं लागत नाही. त्याची स्वस्त घोंगडी विणतात. भूकंप-पुरानंतर मदत म्हणून वाटतात त्यांतली कित्येक तिथलीच असतात.

पुढच्या वेळी बूट आणि चामड्याचे पट्टे घेऊ. पावसाळ्यात त्यांना बुरशी येते, ते मोठं प्रकरण आहे. जय हिंद.